पडद्यामागचा प्रोग्रॅम पडद्यावर आणताना

संगणक सुरू झाला की आपण कशालाही हात लावण्याआधीच त्यात कित्येक प्रोग्रॅम चालू झालेले असतात. छपाईची रांग सांभाळणारा एक, घड्याळ जुळवून घेणारा दुसरा. त्यांना खिडकी नसते, कळफलकाशी संबंध नसतो. विंडोजमध्ये त्यांना 'सर्व्हिस' म्हणतात, युनिक्समध्ये 'डीमन'. हे दुसरे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीत पडले. वेगवान व मंद रेणू न थकता वेगळे करणाऱ्या मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून ते सुचले.

हा राक्षस चुकू लागला की पंचाईत होते, कारण तो काही दाखवतच नाही. शिवाय विंडोजमध्ये त्याला आपण थेट सुरू करीत नाही. ते काम 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' करतो, आणि साधारण ३० सेकंदांत उत्तर आले नाही तर सर्व्हिस सुरूच झाली नाही असे धरतो. चूक शोधायची म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीला थांबवून पाहायचा. इथे तेवढी सवड कुठली?

म्हणून प्रोग्रॅमला दोन दारे ठेवतात. मुख्य काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये लिहायचे. एरवी ते सर्व्हिस म्हणून चालते; आज्ञेपुढे 'कन्सोल' असा एखादा शब्द दिला, तर तेच काम काळ्या खिडकीत, संदेश दाखवत चालते आणि 'कंट्रोल-सी' दाबली की थांबते. युनिक्समधील 'एसएसएचडी' या डीमनला अशी सोय आहे. मात्र त्या अवस्थेत तो एकच जोडणी स्वीकारतो.

म्हणजे कन्सोलमधला प्रोग्रॅम आणि सर्व्हिस हुबेहूब सारखे नसतात. आमच्या प्रयोगशाळेत तापमान नोंदवणारी एक सर्व्हिस मी लिहिली होती. यादीत ती 'चालू' दिसे, पण तीन रात्रींत एकही आकडा नोंदला गेला नाही. कन्सोलमध्ये मात्र ती बिनतक्रार चाले! दोन दिवस मी संवेदकाच्या तारा तपासत बसलो. मग एका विद्यार्थ्याने प्रशासकाच्या अधिकाराने काळी खिडकी उघडली. अशी खिडकी 'सिस्टिम३२' या फोल्डरमध्ये उघडते. तिथूनच त्याने पूर्ण पत्ता देऊन प्रोग्रॅम चालवला, आणि पडद्यावर चौकट आली: अंशशोधनाची फाइल सापडत नाही.

उलगडा झाला. फाइल 'चालू फोल्डर'मध्ये शोध, असे मी लिहिले होते. मी प्रोग्रॅम नेहमी त्याच्याच फोल्डरमधून चालवी. सर्व्हिसचा चालू फोल्डर मात्र सिस्टिम३२ असतो. फाइल न मिळाल्यावर सर्व्हिसही तीच चौकट दाखवत होती, पण व्हिस्टापासून (२००७) सर्व्हिसचे सत्र आपल्या पडद्यापासून तोडलेले आहे. न दिसणाऱ्या चौकटीवरचे 'ओके' कोणीतरी दाबेल, म्हणून बिचारी तीन रात्री थांबून राहिली होती.

वापरकर्त्याचे खाते आणि जोडलेले नेटवर्क-ड्राइव्ह यांतही असाच फरक पडतो. आता माझा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताच आपण कोणत्या खात्याने, कोणत्या फोल्डरमधून चाललो आहोत हे आधी नोंद-फाइलीत लिहितो. चौकटी मी काढून टाकल्या आहेत.