जखमेवरील ऋणदाब उपचार आणि द्रवसिंचन

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरून येत नाही, तेव्हा प्रश्न मलमपट्टीचा न राहता पाय वाचविण्याचा होतो. अशा जखमांसाठी ऋणदाब उपचार उपयुक्त ठरतो. जखमेत सच्छिद्र स्पंज बसवून त्यावर हवाबंद पारदर्शक पटल चिकटवितात व नळीने पंप जोडतात. दाब वातावरणापेक्षा साधारणतः १२५ मिलिमीटर पारा इतका कमी ठेवला जातो. त्यामुळे स्राव शोषला जातो, सूज उतरते आणि जखमेच्या कडा जवळ येतात. अमेरिकेतील आर्जेंटा व मॉरिक्वास यांच्या १९९७ मधील शोधनिबंधांनंतर ही पद्धत रूढ झाली.

मात्र दूषित जखमेतील दाट स्राव केवळ शोषणाने निघत नाही. जर्मनीतील फ्लाइशमन यांनी १९९८ मध्ये त्यास द्रवसिंचनाची जोड दिली. पंप थांबवून स्पंजमध्ये द्रव सोडतात, सुमारे १० मिनिटे मुरू देतात आणि पुन्हा दोन-तीन तास शोषण करतात. हे चक्र अहोरात्र चालते. द्रव म्हणून बहुधा साधे सलाईन पुरते. महागड्या जंतुनाशकाचा आग्रह अनाठायी होय. परीक्षार्थींनी एक भेद ध्यानी घ्यावा: सिंचन हा शस्त्रक्रियेचा पर्याय नव्हे. मृत ऊती आधी काढाव्याच लागतात. रक्तवाहिनी उघडी पडली असेल किंवा जखमेत कर्करोग असेल, तर हा उपचार वर्ज्य मानला जातो.