त्रिभंग, बाहुली आणि यंत्रबाहू

बीड जिल्ह्यात धर्मापुरी येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे मंदिर असून त्याच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरींच्या, म्हणजे देखण्या स्वर्गीय स्त्रियांच्या, मूर्ती कोरलेल्या आहेत. अशा मूर्तींत आढळणाऱ्या, मान, कंबर आणि गुडघा या तीन ठिकाणी वाकलेल्या देहस्थितीला मूर्तिशास्त्रात त्रिभंग म्हणतात. या स्थितीत एक पाय देहाचा सगळा भार पेलतो, दुसरा मोकळा राहतो, कंबर एकीकडे झुकते आणि तोल साधण्यासाठी खांदे तिच्या उलट दिशेला कलतात. दगड हलत नाही, तरीही कोणत्या पायावर भार आहे आणि देह पुढच्या क्षणी कोणीकडे वळेल, हे पाहणाऱ्याला कळते, कारण शिल्पकाराने सांध्यांचे कोन ठरवताना त्यांमागचा भारही जाणलेला असतो. रोबो आणि संगणक यांना सोबत घेऊन नृत्य रचणाऱ्या आजच्या कलावंतांपुढील मुख्य अडचण नेमकी येथेच आहे : यंत्राला कोन शिकवता येतो, भार शिकवता येत नाही.

बॅले हा मूळचा युरोपीय दरबारांत वाढलेला शिस्तबद्ध नृत्यप्रकार होय. भारतात मात्र विसाव्या शतकात आपल्याच नृत्यशैलींतून, संवादांऐवजी हालचालींनी कथा सांगणाऱ्या सामूहिक नृत्यनाट्यालाही बॅले म्हटले जाऊ लागले. त्याच्या जोडीला रंगमंचावर येणारा रोबो पुष्कळदा माणसासारखा दिसणारा नसतो, तर मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या यंत्रबाहूचाच तो भाऊबंद असतो. अशा बाहूला बहुधा सहा सांधे असतात, प्रत्येक सांध्यात एक मोटर असते आणि सांधा किती अंशांनी वळला हे सांगणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, तिला जोडलेला असतो. नृत्यरचनाकार बाहूला अवकाशातील एकेक बिंदू नेमून देतो, दोन बिंदूंमधला वेग ठरवतो आणि अशा शेकडो बिंदूंची माळ म्हणजे त्या यंत्राचे नृत्य होते. तैवानचा नर्तक ह्वांग यी याने कुका या जर्मन कंपनीच्या यंत्रबाहूबरोबर याच पद्धतीने युगुलनृत्य बसवले. ऑक्सफर्डमध्ये क्वांटम भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बॅले नर्तकी मेरिट मूर हिने २०२० मध्ये, कोविडमुळे नाट्यगृहे बंद असताना, औद्योगिक यंत्रबाहूलाच आपला जोडीदार केले.

अशा बाहूची हालचाल अचूक असूनही प्रथमदर्शनी कोरडी का वाटते, हे समजून घेण्यासारखे आहे. नर्तकी हात उचलते तेव्हा हाताआधी श्वास उचलला जातो, पाठीचे स्नायू ताणले जातात, देहाचा भार किंचित सरकतो, मग खांदा, कोपर, मनगट अशी हालचाल वाहत जाते आणि बोटे सर्वांत शेवटी पोहोचतात. यंत्रबाहूचा पाया जमिनीला बोल्टांनी आवळलेला असल्यामुळे त्याला पडण्याची भीती नसते, म्हणून तोल सावरण्याची क्रियाही नसते; शिवाय सगळे सांधे एकाच क्षणी निघून एकाच क्षणी थांबतील, अशीच त्याची नेहमीची कामाची रीत असते. म्हणून जाणकार रचनाकार सांध्यांना मुद्दाम मागेपुढे निघायला लावतो, थांबण्यापूर्वी वेग हळूहळू उतरवतो आणि शेवटच्या सांध्याला क्षणभर रेंगाळू देतो. यंत्राच्या अंगी लय आल्याचा भास होतो तो या कामामुळे, आणि हे काम ज्याला देहाचा भार स्वतःच्या अंगाने ठाऊक आहे, त्यालाच साधते. रंगमंचावरील तंत्रज्ञानात अभियंत्याइतकेच नर्तकाचे ज्ञान मोलाचे ठरते ते यासाठी.

मराठी मुलुखात निर्जीवाला लय देण्याचा हा प्रश्न कितीतरी आधी हाताळला गेला आहे. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा खेळत्या केल्या. निर्जीव वस्तूला माणसाची लकब देणे, हा बाहुलीकाराचा उद्योग. पण मुंबईत नृत्यरचनाकार शांती बर्धन यांनी नेमके उलट केले. नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्राचा अनुभव घेऊन आणि इप्टा या नाट्यसंघटनेच्या पथकाची नृत्ये बसवून झाल्यावर त्यांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप ही संस्था उभी केली आणि तिच्या ‘रामायण’ या बॅलेत जिवंत नर्तकांना मुखवटे चढवून बाहुल्यांसारखे नाचवले. सांधा झटक्याने वळवायचा, वळला की तिथेच रोखून धरायचा आणि देहाचा भार जणू वरच्या अदृश्य दोरीवर सोपवायचा, ही शिस्त अंगी बाणवणे नर्तकाला फार जड जाते, कारण तोल सावरण्याची देहाची उपजत सवयच त्यासाठी दडपावी लागते. क्षयाने ग्रासलेले बर्धन १९५४ मध्ये वारले. संस्था पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली, आणि मुंबईत जन्मलेल्या या प्रयोगाला मराठी रंगभूमीच्या चर्चेत मिळायला हवे होते तेवढे स्थान मिळाले नाही. यंत्र आणि नृत्य यांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यासावा, इतका तो मोलाचा आहे. खुद्द उदय शंकर यांनी श्रम आणि यंत्र या विषयावर नृत्यनाट्य रचले होते, आणि १९७० मध्ये कोलकात्यात ‘शंकरस्कोप’मध्ये चित्रपटाचा पडदा व जिवंत कलावंत यांना एकाच खेळात गुंफले.

पडदा आणि देह यांची ही गुंफण संगणकामुळे सूक्ष्म झाली. नर्तकाच्या सांध्यांवर प्रकाश परावर्तित करणारे लहान गोळे चिकटवून, भोवतीच्या अनेक कॅमेऱ्यांनी त्यांच्या जागा टिपत हालचालीची नोंद करण्याच्या पद्धतीला मोशन कॅप्चर म्हणतात. अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९९९ मधील ‘बायपेड’ या कृतीत अशा नोंदींवरून रेखाटलेल्या आकृत्या रंगमंचापुढील झिरझिरीत पडद्यावर उमटत आणि त्यांच्यामागे खरे नर्तक नाचत.

आता यासाठी महागडी प्रयोगशाळाच लागते असे नाही. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून माणसाच्या देहावरचे ३३ बिंदू ओळखणारी मुक्त संगणकप्रणाली आज लॅपटॉपवर चालते, आणि ठरवून दिलेल्या अंशावर जाऊन थांबणाऱ्या लहान सर्व्हो मोटरी अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी नेहमी वापरतात. त्यामुळे बीड किंवा अंबाजोगाईच्या महाविद्यालयाला यंत्रबाहू परवडणारा नसला, तरी नाचणाऱ्याचा हात वर जाताच हात उचलणारी लाकडी बाहुली आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर उमटणारी त्याची रेखाकृती, एवढा प्रयोग नक्कीच आवाक्यातला आहे. त्यासाठी पाश्चात्त्य बॅलेची पावले उसनी आणण्याचेही कारण नाही, कारण देवीच्या गोंधळाची पावले, हातवारे आणि कथानिवेदन या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेलेच आहे.

मात्र गोंधळ घेतला की तंत्राची खरी परीक्षा सुरू होते. कॅमेऱ्याने चित्र टिपणे, संगणकाने बिंदू ओळखणे आणि मोटरने वळणे यांत सेकंदाचा काही अंश जातोच. संथ हालचालीत तो जाणवत नाही, पण गोंधळात वाजणाऱ्या संबळ या तालवाद्याच्या द्रुत लयीत बाहुली ठळकपणे मागे पडते. आधी नोंदवून ठेवलेली हालचाल वापरावी, तर संबळ वाजवणारा रंग चढेल तशी लय वाढवतो आणि नोंद आपल्याच जुन्या गतीने चालत राहते. यावर एक उपाय संबळालाच कंपन टिपणारा संवेदक बसवण्याचा आहे : दर दोन ठोक्यांमधले अंतर मोजून पुढचा ठोका केव्हा पडेल याचा संगणकाने अंदाज घ्यायचा, आणि तो पडण्याच्या किंचित आधीच मोटरला निघायला सांगायचे. हा अंदाज चुकतो तो लय मोडणाऱ्या जागी, म्हणजे तिहाईवर (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याच्या जागी) किंवा वादक अचानक थांबतो तेथे, आणि म्हणून त्या जागा वादक, नर्तक व यंत्र जुळवणारा विद्यार्थी यांनी तालमीत एकत्र बसून आधीच ठरवाव्या लागतात.