शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात मुलामुलींच्या सदऱ्यांवर आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर ग्रीक अक्षरे दिसतात. ग्रीक भाषेशी त्यांचा संबंध नावापुरताच. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा काप्पा’ नावाची मंडळी स्थापन केली आणि अशी नावे घेण्याची प्रथा पडली. पुढे या संघटनांना ‘फ्रॅटर्निटी’ हे नाव रूढ झाले. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ भाऊ, म्हणून इथे मी ‘बंधुसंघ’ म्हणतो. चित्रपटांतून आपल्याला माहीत असलेले बंधुसंघ एकत्र राहण्याचे आणि मौजमजेचे. त्यांच्या शेजारी दुसरी एक जात आहे, ती म्हणजे विशिष्ट पेशाच्या विद्यार्थ्यांची. वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकणाऱ्यांचे बंधुसंघ या दुसऱ्या जातीचे.

हे बंधुसंघ शनिवार-रविवार गाठून नेतृत्व परिषदा भरवतात. एखाद्या हॉटेलात आसपासच्या विद्यापीठांतल्या शाखांची शे-दोनशे मुले जमतात, भाषणे होतात, गटचर्चा होतात, शनिवारी रात्री औपचारिक जेवण होते आणि रविवारी दुपारी सगळे परततात. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार पोकळ वाटू शकतो. विशीतली मुले कोट-टाय घालून नेतृत्वावर व्याख्याने ऐकतात, यात शिकण्यासारखे काय? माझ्या मते या परिषदेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे; मात्र ते बहुतांशी व्यासपीठावर घडत नाही. ते घडते आधीच्या आठ-दहा महिन्यांत, परिषदेची आखणी करणाऱ्या पाच-सहा विद्यार्थ्यांच्या समितीत.

रात्रवर्गातले बंधू

न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० साली वाणिज्य, हिशेब आणि अर्थव्यवहार शिकवणारी स्वतंत्र शाखा काढली. दिवसा कचेरीत काम करायचे आणि संध्याकाळी वर्गाला बसायचे, असे तिथले अनेक विद्यार्थी होते. त्यांतल्या दहा जणांनी १९०४ साली ‘अल्फा काप्पा साय’ हा बंधुसंघ स्थापन केला. त्यांतले चौघे ब्रुकलिनचे. रात्री वर्ग सुटल्यावर ब्रुकलिनचा पूल पायी ओलांडून ते घरी जात आणि त्या चालण्यातल्या गप्पांतून संघाची कल्पना निघाली, असे संघाचा इतिहास सांगतो. तीनच वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याच शाखेतल्या चार विद्यार्थ्यांनी ‘डेल्टा सिग्मा पाय’ सुरू केला. हे दोन्ही संघ आज देशभर पसरले आहेत.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तरुणाला ओळखीपाळखी हव्या होत्या, व्यापारातले शब्द आणि रीतिरिवाज हवे होते, चार माणसांत बोलण्याचा सराव हवा होता. ज्यांच्या घरातच हे सगळे होते त्यांना बंधुसंघाची गरज कमी. म्हणजे ज्याला दार उघडून देणारे कोणी नाही, त्याने मिळून दार उघडावे अशी ही खटपट होती.

पण एकासाठी उघडलेले दार दुसऱ्यासाठी बंद असू शकते. या संघांत स्त्रियांना सत्तर वर्षे प्रवेश नव्हता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ साली आला. १९७४ च्या दुरुस्तीने सामाजिक बंधुसंघांना त्यातून सूट मिळाली. पेशाच्या बंधुसंघांना मिळाली नाही. डेल्टा सिग्मा पायने १९७५ मध्ये आणि अल्फा काप्पा सायने १९७६ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेतले. भाषेची गंमत अशी, की या दोन्ही संघांत मुलींनाही आजवर ‘ब्रदर’च म्हणतात. दार उघडले, पाटी जुनीच राहिली.

अडीच दिवसांचा हिशेब

शनिवार-रविवारची जोडसुट्टीही फार जुनी नाही. फोर्डच्या कारखान्यांत १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा आला, आणि १९३८ च्या केंद्रीय श्रमकायद्याने कामाचे तास मर्यादित करून १९४० पर्यंत चाळीस तासांचा आठवडा रूढ केला. परिषदांचा आजचा साचा या सुट्टीत बसवलेला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे, नावनोंदणी आणि ओळखी करायच्या. शनिवारी दिवसभर सत्रे, रात्री जेवण. रविवारी सकाळी प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या कामाचा आराखडा करायचा आणि दुपारपूर्वी निघायचे.

कागदावर हे सोपे दिसते. समितीची पहिली परीक्षा होते ती हॉटेलच्या कराराशी. परिषदेसाठी हॉटेल काही खोल्या सवलतीच्या दराने राखून ठेवते. त्या बदल्यात करारात एक कलम असते: ठरलेल्या खोल्यांपैकी अमुक टक्के भरल्या नाहीत, तर रिकाम्या खोल्यांचेही भाडे आयोजकांनी भरायचे. शिवाय खाण्यापिण्यावर किमान अमुक खर्च केलाच पाहिजे, असेही कलम असते. सही विद्यार्थ्यांची चालत नाही. ती संघाच्या किंवा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची लागते. आकडा मात्र बहुधा विद्यार्थीच सांगतात.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समितीने १२० मुले येतील असे धरले. एका खोलीत चौघे, म्हणजे ३० खोल्या; दोन रात्री, म्हणजे ६० खोली-रात्री. दर १५० डॉलर. करारानुसार यांतल्या ८० टक्के, म्हणजे ४८ खोली-रात्री भरायलाच हव्यात. प्रत्यक्षात आली ८० मुले. त्यांना २० खोल्या पुरल्या, ४० खोली-रात्री भरल्या. उरलेल्या ८ रिकाम्या खोली-रात्रींचे १,२०० डॉलर द्यावे लागले. आलेल्यांवर वाटले, तर डोक्यामागे १५ डॉलर. सभागृह, पडदा, ध्वनियंत्रणा यांचा खर्च माणसे कमी आली म्हणून कमी होत नाही. तो ३,६०० डॉलर धरला, तर १२० जणांत डोक्यामागे ३० पडला असता. ८० जणांत ४५ पडला. म्हणजे उत्साहाच्या भरात फुगवून सांगितलेल्या एका आकड्यापायी प्रत्येकावर ३० डॉलरचा बोजा आला.

हे ३० डॉलर कोणाला जड जातात, हे पाहिले पाहिजे. ज्याचे आईवडील पैसे भरतात त्याला ते कळतही नाहीत. शनिवारी उपाहारगृहात काम करून शिकणाऱ्याला आधीच दोन दिवसांची मजुरी सोडून यायचे असते. शुल्क वाढले की पहिला तोच गळतो. रात्रवर्गाच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या संघाच्या परिषदेतून नोकरी करणारा विद्यार्थीच बाहेर पडावा, याहून मोठा विरोधाभास नाही. आणि तो बाहेर पडला हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण न आलेल्या माणसाची खुर्ची मांडलेलीच नसते.

म्हणून जाणती समिती गेल्या वर्षीच्या नोंदी पाहून कमी आकडा धरते, आणि गरज पडली तर खोल्या वाढवून मिळतील अशी तरतूद करारात मागते. काही ठिकाणी हॉटेल सोडून विद्यापीठाचेच सभागृह घेतले जाते. थाट कमी होतो, शुल्कही कमी होते. हा निर्णय दिसायला हिशेबाचा असला, तरी परिषद कोणासाठी आहे याचे उत्तर त्यातच दिले जाते.

खोली, ताट आणि गाडी

यानंतरचे प्रश्न लहान वाटतात. एका खोलीत चौघे म्हणजे बहुतेकदा एका पलंगावर दोघे. ज्याला हे जमणार नाही त्याने कोणाला आणि कसे सांगायचे? नोंदणीच्या अर्जात एक रकाना ठेवला, तर चारचौघांत संकोचून बोलावे लागत नाही. जेवणाचेही तसेच. आपल्याकडून तिकडे गेलेल्या शाकाहारी मुलीच्या ताटात मेजवानीच्या रात्री उकडलेल्या भाज्या आणि पाव आला, तर दोष आचाऱ्याचा नसतो. तिला काय चालते हे महिनाभर आधी विचारायचे राहिलेले असते. हलाल, कोशर, शेंगदाण्याची ॲलर्जी या सगळ्याला तोच नियम. अपंगांच्या सोयींबद्दलचा केंद्रीय कायदा १९९० पासून आहे, पण चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी व्यासपीठावर कसा चढणार, हे प्रत्यक्ष सभागृहात जाऊनच पाहावे लागते.

मग दारू. अमेरिकेत एकविसाव्या वर्षापूर्वी दारू विकत घेता येत नाही. १९८४ च्या केंद्रीय कायद्याच्या दडपणाखाली सगळ्या राज्यांनी ही मर्यादा स्वीकारली. परिषदेला येणाऱ्यांत कोणी अठराचा, कोणी बावीसचा. एकाच मेजावर बसलेल्या दोघांपैकी एकाला मुभा आणि दुसऱ्याला गुन्हा, अशी स्थिती. म्हणून औपचारिक कार्यक्रम दारूविना ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. तरीही शनिवारी रात्री खोल्यांमध्ये काय चालते याची जबाबदारी कोणावर आहे, अडचण आल्यास मध्यरात्री कोणत्या मोठ्या माणसाला उठवायचे, हे आधी लिहून ठेवावे लागते.

शेवटचा प्रश्न गाडीचा. तीन-चार तासांचे अंतर मुले स्वतः गाडी चालवत येतात. शनिवारी रात्री दोनपर्यंत जागलेला विद्यार्थी रविवारी चौघांना घेऊन महामार्गावर निघतो. समारोप लांबला की तो अंधारात पोहोचतो. म्हणून रविवारचा वक्ता कितीही मोठा असो, त्याला वेळेवर थांबवणे हे समितीच्या अध्यक्षाचे कर्तव्य आहे. वीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीतल्या उद्योजकाला चिठ्ठी पाठवून भाषण आटोपते घ्यायला सांगणे, यासाठी जे धैर्य लागते ते कोणत्याही सत्रात शिकवले जात नाही.

प्रमुख बाहेर गेल्यावर

नेतृत्व शिकवता येते का, हा प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगाने तपासला गेला. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह आयोवात लहान मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले. ते १९३९ साली प्रसिद्ध झाले. काही मंडळांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा सर्वांना विचारून चालणारा, तर काहींचा काहीच न करणारा. हुकूमशहाच्या मंडळातली मुले तो समोर असेपर्यंत काम करत. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. सर्वांना विचारून चालणाऱ्याच्या मंडळात प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राही.

लेविन यांचा दुसरा प्रयोग तर कार्यशाळेचाच. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथे वंशभेद आणि धर्मभेद यांविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे शिबिर भरले. दिवसा गटचर्चा होत आणि रात्री संशोधक एकत्र बसून कोण कसे वागले याची टिपणे वाचत. एका रात्री काही शिबिरार्थींनी त्या बैठकीत बसण्याची परवानगी मागितली. लेविन यांनी ती दिली. आपल्या वागण्याचे वर्णन ऐकून एक बाई म्हणाल्या, असे घडलेच नव्हते! वाद झाला, आणि लवकरच त्या रात्रीच्या बैठका शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग ठरल्या. १९४७ च्या फेब्रुवारीत लेविन वारले. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल इथे अशा प्रशिक्षणाची कायमची व्यवस्था सुरू केली. नंतरच्या काळात नेतृत्व शिबिरांत रुळलेल्या गटखेळांवर आणि परस्परांविषयी मोकळेपणाने बोलण्याच्या सत्रांवर या परंपरेची छाप आहे.

या दोन प्रयोगांतून परिषद आखणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, कार्यक्रम पत्रिकेत मोकळा वेळ ठेवावा. सकाळी आठ ते रात्री दहा सत्रे कोंबली, तर आपले कोणी काय म्हणते हे ऐकायला जागाच उरत नाही. दुसरी, अध्यक्ष तासभर गैरहजर राहिला तरी परिषद चालली पाहिजे. चालत नसेल, तर त्याने काम वाटलेच नाही असे समजावे.

वही

विद्यार्थी संघटनांना एक जन्मजात रोग असतो: चार वर्षांत सगळी माणसे बदलतात. ज्याने यंदा करार वाचायला शिकले तो पुढच्या वर्षी नोकरीला लागलेला असतो. नवी समिती तोच फुगवलेला आकडा पुन्हा सांगते आणि रिकाम्या खोल्यांचे पैसे पुन्हा भरते. आपल्याकडच्या जुन्या गणेशोत्सव मंडळांत वर्गणीची आणि खर्चाची वही जपणारा एखादा माणूस असतो. वर्षानुवर्षांचे शहाणपण त्या वहीत असते. परिषदेलाही अशी वही लागते. किती नोंदले, किती आले, कोणत्या शाखेतून कोणीच आले नाही, शुल्क परवडत नाही असे किती जणांनी कळवले, कोणते ताट उरले, रविवारी शेवटची गाडी किती वाजता निघाली.

परिषदेत टाळ्या मिळवलेल्या भाषणाची आठवण महिनाभर टिकते. ही वही पुढच्या समितीच्या हाती पडली, तर वर्षभरानंतर एखादा मुलगा शनिवारची मजुरी सोडूनही येऊ शकेल एवढे शुल्क ठेवले जाईल. त्याला ती वही लिहिणारीचे नाव कळणार नाही. नेतृत्व हा शब्द मोठा आहे. या परिषदांत तो खरा होतो तो अशाच नाव नसलेल्या कामात.