पालघर–बोईसर परिसरातील स्थावर मालमत्ताविषयक कायदे

पालघर, बोईसर व तारापूर हा महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याचा किनारी पट्टा होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. मुंबईची उपनगरी रेल्वे, तारापूर औद्योगिक वसाहत आणि अलीकडे वाढवण बंदर यांमुळे येथील जमिनीची मागणी सतत वाढत गेली आहे. जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे मुंबईलगतच्या इतर उपनगरांत सहसा न उद्‌भवणारा एक प्रश्न येथे सर्वप्रथम उपस्थित होतो : जमिनीचा मूळ धारक आदिवासी आहे काय?

आदिवासी जमीन

वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी आदी जमातींच्या जमिनी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत सावकार व जमीनदारांकडे गेल्या. १९४५ साली तलासरी, डहाणू व उंबरगाव परिसरात झालेला वारल्यांचा उठाव प्रामुख्याने वेठबिगारीविरुद्ध होता, तरी त्यामागे ही भूमिहीनता होतीच. पुढील कायद्यांचे मूळ या इतिहासात आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ नुसार, ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणास वा भाडेपट्ट्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरते; विक्रीसाठी त्यावर राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा कोणी आदिवासी ती जमीन घेण्यास तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री व्हावी लागते. हा निर्बंध धारकाच्या जमातीशी जोडलेला आहे. त्यामुळे गाव अनुसूचित क्षेत्राबाहेर असले तरी तो सुटत नाही, ही गोष्ट खरेदीदारांच्या बऱ्याचदा ध्यानात येत नाही.

१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणांसाठी अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा स्वतंत्र अधिनियम १९७४ साली करण्यात आला. बिगरशेती वापरात आधीच गेलेल्या जमिनी त्यातून वगळल्या आहेत. या अधिनियमाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात १९८४ साली मान्य केली. त्यानंतरच्या बेकायदेशीर व्यवहारांत जमीन शासनाकडे जाऊन मूळ आदिवासी धारकाला परत मिळण्याची तरतूद संहितेतच आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातील जमिनीचे अन्यसंक्रमण रोखण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याचे बंधन राज्यांवर घातले. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेली जमीन वारसाने जाते, परंतु विकता येत नाही.

निर्बंध टाळण्यासाठी नोटरीकडील करारनामा, कुलमुखत्यारपत्र व ताबापावती यांवर व्यवहार करण्याचा मार्ग सुचवला जातो. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली स्पष्ट केले आहे. येथे पैसे खरेदीदाराचे बुडतात आणि जमीन पिकवणारे कुटुंबही वर्षानुवर्षे दाव्यात अडकते. लाभ होतो तो मध्यस्थाचा.

सातबारा व इतर अडथळे

सातबारा उतारा हा मालकीचा दस्त नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी मानली जाते, एवढेच. तपासताना ‘भोगवटादार वर्ग-२’ हा शेरा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना प्रथम पाहावा लागतो; कुळाचे नाव, बोजा, भूसंपादनाची नोंद सहसा तेथे सापडते. त्यामागील जुने फेरफार पाहिल्याशिवाय जमीन मूळची कोणाची होती, हे कळत नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विक्रेत्याच्या हक्काची हमी देत नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. कारखाना ‘विकला’ म्हणजे भाडेपट्ट्याचा उर्वरित हक्क विकला. त्यासाठी महामंडळाची संमती व हस्तांतरण शुल्क लागते.

सदनिकांना २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम लागू होतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. बोईसरभोवती शेतजमिनीवर बिगरशेती परवानगीविना उभ्या राहिलेल्या चाळींतील खोलीस मात्र या संरक्षणाचा फारसा उपयोग होत नाही.

अणुऊर्जा केंद्र, भूकंप व विमा

तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीजनिर्मिती करीत आहे. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवावी लागली. केंद्राभोवती वस्तीस मनाई असलेला पट्टा असून त्यापलीकडे पाच किलोमीटरपर्यंत लोकसंख्या झपाट्याने वाढवणाऱ्या विकासावर प्रशासकीय नियंत्रण ठेवले जाते. या अंतरातील भूखंड घेताना नियोजन प्राधिकरणाकडील चौकशी टाळू नये.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. आग, पूर, वादळ यांबरोबर भूकंपाचाही तिच्यात समावेश आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू–तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाल्याने हा समावेश येथे विशेष महत्त्वाचा ठरला. मात्र किरणोत्सर्ग व आण्विक कारणांनी झालेले नुकसान घरविम्यातून वगळलेले असते. जगभर हीच पद्धत आहे. अशा नुकसानीचे दायित्व भारतात २०१० च्या अधिनियमाने केंद्राच्या चालकावर टाकले आणि भरपाईसाठी दावा आयुक्ताची यंत्रणा ठरवली. म्हणजे तारापूरच्या घरमालकाला या एका जोखमीसाठी विमा कंपनीकडे मागणी करता येत नाही. विमा नुकसान भरून देतो, मालकी हक्कातील दोष नव्हे. कलम ३६-अ खाली जमीन परत गेल्यास घरविम्यातून काहीही मिळत नाही.