पुढच्या चाकांचे ब्रेक, घरच्या अंगणात

उसाचा हंगाम सुरू झाला की कोपरगावात गाडी चालवणाऱ्याचा पाय सतत ब्रेकवरच असतो. तालुक्यात दोन सहकारी साखर कारखाने, त्यांच्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. त्यात नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीची गर्दी. ज्या छोट्या ट्रकवर घराची रोजी चालते, त्यातूनच वलीम्याच्या देगी जातात आणि अडीनडीला अब्बांना शेजारी बसवून दवाखानाही गाठला जातो. ब्रेक पॅड मात्र एकदम संपत नाहीत. रोज थोडे झिजतात आणि पायाला त्याची सवय होते, म्हणून लक्षात येत नाही.

आधी एक खुलासा. मोठ्या मालट्रकला बहुधा हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. ते घरी उघडू नयेत. टाटा एस, म्हणजे २००५ साली आलेला आपला छोटा हत्ती, किंवा पिकअप यांच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. तिचे पॅड बदलणे घरी जमण्यासारखे आहे. पॅडचा थर साधारण ३ मिलीमीटरवर आला की बदलावा. लोखंड घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबलात, तर डिस्कही खराब होते.

गाडी सपाट, टणक जागी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकने उचलल्यावर खाली मजबूत स्टँड हवाच. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटांवर तर मुळीच भरवसा नको, त्या वजनाखाली फुटतात.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडले तर दुसरी पाहता येते. कॅलिपरचे बोल्ट काढल्यावर तो तारेने बांधून ठेवा. रबरी पाइपावर लोंबकळता कामा नये. काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलांना त्या वेळी दूरच ठेवा. पिस्टन शिकंजाने हळूहळू आत दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे नजर असू द्या. ऑइल वर चढते आणि सांडले तर रंग उडवते. सरकणाऱ्या पिना साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावा. साधे ग्रीस उष्णतेने वितळून पॅडवर येते. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

सगळे बसवून झाले, नट समोरासमोरचे आवळले, आणि मोठा धोका इथेच आहे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्यांदा ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला टेकते. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मग ऑइलची पातळी पाहा आणि गल्लीतच सावकाश चालवून बघा. पेडल स्पंजासारखे लागले, पिस्टनजवळ ऑइल पाझरले किंवा डिस्कवर खोल चरे दिसले, तर पुढचे काम मेकॅनिकचे.

नवे पॅड डिस्कवर नीट बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर पूर्ण माल भरून कसारा घाट उतरू नये. आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.