जमिनीतल्या सोन्याचा भाव कसा जोखावा?

थानावरच्या चिठ्ठीवर लिहिलेले मीटर वाचून जाणकार व्यापारी कापड घेत नाही. थान उघडतो, पोत पाहतो, स्वतः मोजतो. शेअर बाजारात मात्र सोने शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांची खरेदी पुष्कळदा चिठ्ठी वाचूनच होते.

या कंपन्यांना ‘ज्युनिअर’ म्हणतात. बहुतेकांची चालू खाण नसते. त्या जमिनीत भोके पाडून धातूचा साठा शोधतात आणि खर्चासाठी वारंवार नवे शेअर विकतात. अशा कितीतरी कंपन्या कॅनडाच्या बाजारात आहेत. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत आपल्यालाही परदेशी शेअर घेता येतात, म्हणून हा हिशेब ठाऊक असावा.

एकूण शेअरना भावाने गुणा, कर्ज मिळवा, रोकड वजा करा. आलेल्या रकमेला साठ्यातील औंसांनी भागा. (सोन्याचा १ औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम.) समजा, एका कंपनीची किंमत ५ कोटी डॉलर आणि साठा १० लाख औंस, औंसाला ५० डॉलर पडले. दुसरीची किंमत ३ कोटी, साठा १५ लाख औंस. औंसाला २० डॉलर. दुसरी स्वस्त वाटते, पण घाई नको.

साठ्याच्या तीन पायऱ्या असतात: अनुमानित, निर्देशित आणि मापित. अनुमानित साठा थोड्याच भोकांवरून बांधलेला असतो. त्याला मापित साठ्याचा भाव देऊ नये. शिवाय टनामागे सोने किती ग्रॅम, रस्ता, पाणी, वीज आणि परवाना आहे काय, हेही पाहावे. काढण्याचा खर्च विक्रीपेक्षा जास्त असेल तर ते सोने जमिनीतच राहते.

कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे सुमारे ७ कोटी औंस सोने असल्याचे सांगितले होते. १९९६ मध्ये कंपनीची किंमत ६०० कोटी कॅनेडियन डॉलरवर गेली. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला: नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते, काढण्याजोगा साठा नव्हताच. भागाकार बरोबर होता. ज्या आकड्याने भागले तोच खोटा होता. हजारो लोकांची बचत बुडाली.

त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने साठ्याचा अहवाल पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच देण्याचा नियम केला. तो अहवाल मागावा, साठ्याची पायरी वाचावी आणि दरवर्षी किती नवे शेअर निघतात तेही मोजावे. एवढे करूनही धोका उरतोच. म्हणून दुकानाचे भांडवल आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा या सौद्यात घालू नये.