बंद घरे उघडणारा गणपती

श्रावणाची अमावास्या जवळ आली की हातखंब्याच्या तिठ्यावर अहोरात्र वर्दळ सुरू होते. निवळीवरून आलेला मुंबईचा रस्ता येथे फुटतो. एक वाट पश्चिमेस बारा-चौदा किलोमीटरवरील रत्नागिरीस जाते, दुसरी पालीवरून लांजा-राजापूरकडे उतरते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी या तिठ्याचे महत्त्व उणावले नाही. एसटीच्या गाड्या, खाजगी मोटारी, त्यांच्या टपांवर बांधलेली मखरे आणि आत पेंगुळलेली मुले, असा हा प्रवाह चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत वाहतो आणि आडरस्त्यांनी वाडीवाडीत जिरून जातो.

त्या वाड्यांतून वर्षाचे दहा-अकरा महिने काय असते, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ओटीच्या दारास कुलूप, अंगणात गवत, तुळशीवृंदावनावर शेवाळ, कौलांतून गळणाऱ्या पाण्याने भिजलेली जांभ्याची भिंत. शेजारच्या घरात किल्ली ठेवलेली असते आणि कोणी वृद्ध काकू अधूनमधून देवापुढे दिवा लावून जाते. मग भाद्रपद येतो, कुलूप निघते आणि चार दिवसांत ते घर शंभर वर्षांपूर्वीचे होते! शेणाने सारवण होते, माळ्यावरचा लामणदिवा खाली येतो, चिंच लावून समया घासल्या जातात. जात्यास एरवी कोणी हात लावीत नाही, त्याचेही तोंड पुसले जाते.

युरोपातील विद्वानांनी या गोष्टीस 'सजीव इतिहास' असे नाव दिले आहे आणि तो मुद्दाम घडवून आणण्याची योजनाही केली आहे. स्वीडनच्या स्टॉकहोम नगरीत आर्टुर हाझेलियस या गृहस्थाने १८९१ साली 'स्कान्सेन' हे उघड्यावरचे संग्रहालय स्थापिले. कारखानदारीच्या लोंढ्यात खेड्यांतील जुने जीवन वाहून जाईल, या चिंतेने त्याने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील जुनी घरे उतरवून तेथे पुन्हा उभी केली. जुन्या वेषातील माणसे त्या घरांतून वावरतात, भाकरी भाजतात, कातकाम करतात. नाताळ आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाचा सण ही तेथील मोठी आकर्षणे. आम्हास या उद्योगाविषयी आदर आहे. ज्या समाजाचे घर उठून गेले, त्याने ते निदान दाखवावयासाठी तरी राखले. मात्र तेथे पाहणारा निराळा आणि करणारा निराळा. आमच्या ओटीवर असा भेद नाही. मुंबईच्या कचेरीत बसणारा मुलगा येथे सोवळे नेसून पाटावर बसतो, तेव्हा तो कोणाची भूमिका करीत नसतो. तो घरचाच यजमान असतो.

व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर यात मोठी मौज आहे. 'वस्तु' आणि 'वास्तु' हे दोन्ही शब्द 'वस्' म्हणजे राहणे या एकाच धातूपासून येतात. राहते ते 'वस्तु' आणि जेथे राहावयाचे ते 'वास्तु'. वस्तुसंग्रहालयात वस्तू राहतात, माणसे राहत नाहीत. म्हणून तेथील वास्तू अर्धीच असते, असे म्हटले तर ते शब्दच्छल ठरू नये.

आमच्या जिल्ह्यात जपलेल्या घरांचीही वाण नाही. रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. जांभ्याच्या भिंतींचे, उतरत्या कौलारू छपराचे, कोकणी थाटाचे हे घर आज राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या रक्षणाखाली आहे. आषाढ वद्य षष्ठी, शके १७७८, म्हणजे २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य जन्मले. वडील गंगाधरपंत संस्कृताचे जाणकार आणि शाळेत शिक्षक. १८६६ साली त्यांची पुण्यास बदली झाली आणि कुटुंब घाटावर गेले. म्हणजे बाळ गंगाधरांच्या वाट्यास आलेले कोकणातले भाद्रपद जेमतेम दहा. परंतु मनुष्याच्या मनात उत्सव रुजतो तो याच वयात! ज्या मुलाने घरची चतुर्थी पाहिली, त्यानेच पुढे तिला चौकात आणण्याच्या चळवळीस बळ दिले, हा योगायोग आम्हास वाटत नाही. श्रेय एकट्या त्यांचे नव्हे. पुण्यात भाऊसाहेब रंगारी आदी मंडळी अग्रभागी होती आणि मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीने १८९३ सालीच उत्सव मांडला. परंतु 'केसरी'तून त्यास अर्थ आणि प्रतिष्ठा दिली ती लोकमान्यांनी.

पुण्यात त्यांचा उत्सव १८९४ साली विंचूरकर वाड्यात सुरू झाला आणि १९०५ पासून गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, आला. या वाड्यात लोकमान्यांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे आणि मानाचा पाचवा गणपतीही तेथेच बसतो. एका अंगास कपाटातील वस्तू, दुसऱ्या अंगास आरतीचा गजर. ऐतिहासिक वाडा कसा राखावा याचा याहून चांगला नमुना आम्हास ठाऊक नाही. रत्नागिरीच्या जन्मघरात मात्र चित्रे आणि छायाचित्रे शांतपणे टांगलेली असतात, जयंती-पुण्यतिथीस हार चढतात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० साली बांधलेला राजवाडाही याच शहरात आहे. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात, असा दैवाचा विचित्र फेरा त्या वर्षांत जुळून आला होता! या राजवाड्याच्या आवारात अलीकडच्या काळात हिवाळ्यात अभिजात संगीताचा महोत्सव होत आला आहे. रात्रीच्या वेळी सुरांनी ती वास्तू जागी होते, हे चांगलेच आहे.

पुष्कळ ठिकाणी आता 'ऐतिहासिक वातावरणनिर्मिती' म्हणून फेटे, नऊवारी, नथी यांची गर्दी होऊ लागली आहे. छायाचित्र काढून झाले की फेटा उतरतो. वेषाने इतिहास येतो, हे आम्हास मान्य नाही. तो हाताच्या कामाने येतो. माटवी बांधावयाची तर कवंडळ रानात कोठे मिळते, कांगण्या केव्हा पिकतात, सुपारीचे घोस, शहाळी आणि आंब्याचे टाळ कोणत्या क्रमाने बांधावयाचे, हे कोणास तरी ठाऊक असावे लागते. तेरड्याची गौर पाणवठ्यावरून आणताना कोणी बोलावयाचे नाही, नवी सून कोणत्या वर्षी ओवसा भरते, ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचे काय चालत नाही, हे सारे ग्रंथांत थोडे आणि आजीच्या बोटांत अधिक असते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या घरांचे प्रदर्शन मांडणारे बहुधा देवघर आणि दिवाणखाना दाखवितात. पडवी आणि परस दाखवीत नाहीत. शाडूची मूर्ती घडविणारा, पाट रंगविणारा सुतार, सनई-चौघडा वाजविणारे, केळीची पाने व फुले आणून देणारी बाई, रात्री अंगणात जाखडीचा फेर धरणारे तरुण, यांच्यावाचून कोकणातली चतुर्थी एक दिवसही उभी राहिली नसती. घराच्या इतिहासात त्यांना ओटीवर जागा हवी.

आता कोणी म्हणेल की घरेच पडू लागली, तेथे उत्सव तो काय राहणार? यास पुण्याचा शनिवारवाडा साक्ष आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा. पेशव्यांच्या काळी तेथील गणेशोत्सव कीर्तनांसह थाटाने होत असे. त्यासाठी गणपती रंगमहाल बांधला गेला. १८२८च्या आगीत वाड्याचे अंतरंग जळून गेले, महाल गेला. गणपती गेला नाही. मातीचाच तो! पार्थिव मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करावयाची, दीड दिवस, पाच दिवस, जशी कुळाची रीत तसे त्यास घरचा माणूस म्हणून ठेवावयाचे आणि मग ओहोळात सोडून द्यावयाचे. संग्रहालयाचा धर्म वस्तू न सोडण्याचा, आपल्या पूर्वजांनी मात्र सोडण्याचीच रीत घालून दिली. वस्तू सुटते, म्हणून पुढच्या वर्षी ती पुन्हा करावी लागते. करावी लागते, म्हणून करावयाची विद्या टिकते.

त्या विद्येची आज खरी ओढाताण आहे. किल्ली राखणारी काकू ऐंशीच्या घरात असते आणि माटवीचा क्रम तिच्यावाचून कोणास येत नाही, अशी घरे आमच्या ओळखीत बोटांवर मोजण्यापलीकडची आहेत. राज्य शासनाने २०२५ साली गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा मान दिला, हे योग्यच झाले. त्याबरोबर टिळक आळीतील जन्मघरी भाद्रपदाच्या आधी पंधरा दिवस शाळकरी मुलांना माती मळावयास, माटवी बांधावयास, आरत्यांचे खरे उच्चार म्हणावयास बसविता आले तर त्या भिंतींना पुन्हा मुलांचा आवाज मिळेल. अट एकच असावी : शिकविणाऱ्यांत मूर्तिकारही असावा आणि गावची आजीही.

तोवर घराघरांतून होण्याजोगे काम थोडे आहे. यंदा कुलूप उघडाल तेव्हा एक वही बरोबर न्या. माटवीस काय काय टांगले, ते कोणी कोठून आणले, नैवेद्याच्या पानात कोणता पदार्थ कोठे वाढला, आपल्याकडे गणपती किती दिवसांचा आणि तो तसा का, हे काकूंना विचारून मुलांच्या हातून लिहवून घ्या. ओटीवर उजेड चांगला असतो आणि दुपारच्या जेवणानंतर काकूंना बोलावयास सवडही असते.